वाचकांचे प्रश्न: गोष्टीत लपलेला चिरंजीव ओळखायचा कसा?

प्रश्न (शहादा): आमचा वाचकगट सातपुड्यात घडणारी एक क्रमशः अद्भुतकथा वाचतो आहे. त्यात भुवयांपर्यंत फेटा ओढलेला एक म्हातारा आहे. तो सारखा जखमेसाठी तेल मागतो, त्याला जेवताना कोणी पाहिलेलं नाही आणि पारावर बसून तो पोरांना गोष्टी सांगतो. हा अश्वत्थामाच, असं सगळ्यांचं मत आहे. तर्क टिकेल का?

उत्तर: आधी लेखकाने कोणता अश्वत्थामा घेतला आहे ते ठरवा, कारण ते किमान तीन आहेत. महाभारताच्या सौप्तिकपर्वात तो डोक्यावरचा मणी स्वतः काढून देतो. श्रीकृष्णाचा शाप असा आहे की तीन हजार वर्षं निर्जन जागी एकट्याने भटकशील, अंगाला रक्तापुवाचा वास येईल, सगळे रोग जडतील आणि बोलायला कोणी मिळणार नाही. भागवतात अर्जुन तलवारीने केसांसकट मणी कापतो. कपाळावरची जखम याच प्रसंगाला जवळची. तेल मात्र या दोन्हींत नाही. ते लोककथेतलं आहे, आपल्याकडे अस्तंब्याच्या डोंगराभोवती आणि तिकडे बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाभोवती सांगितलं जाणारं.

आता तुमच्या खुणा तपासू. तेल मागतो म्हणजे लेखक लोककथेच्या वाटेने चालला आहे, ही खूण भक्कम. पारावरच्या गप्पा महाभारताच्या शापाविरुद्ध जातात, पण लोककथेत तो माणसांच्या दारी येतो, म्हणून तिथे खपून जातात. फेट्याला मी शून्य गुण देईन. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा खान्देशात कोणाचं कपाळ उघडं असतं?

जेवणाची खूण सगळ्यांना आवडते, पण ती तर्काच्या उलट आहे. मणी धारण करणाऱ्याला शस्त्र, व्याधी आणि भूक यांचं भय नसे, असं सौप्तिकपर्व सांगतं. मणी गेला म्हणजे भूक आली. खरा अश्वत्थामा खाईल, बहुधा हावरेपणाने खाईल. न जेवणारा म्हातारा दुसराच कोणी असू शकतो.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे खूण आणि प्रकरणाचा क्रमांक लिहा, उजवीकडे तिचं साधं, रोजच्या जगण्यातलं कारण. उजवीकडे काहीच सुचत नाही अशाच खुणा मोजायच्या. पुढचं प्रकरण येण्याआधी हेही लिहून ठेवा की काय घडलं तर तर्क मोडला असं मानू: म्हाताऱ्याची आई दिसली, त्याच्या बालपणीचा साक्षीदार भेटला, फेटा सुटून कपाळ कोरं निघालं. हे आधी लिहिलं नाही, तर प्रत्येक नवी ओळ आपल्याच बाजूची वाटू लागते. बहुतेक गटांचे तर्क इथेच फसतात.

प्रश्न (नंदुरबार): शाप तीन हजार वर्षांचाच असेल, तर तो अजून भटकतो कसा?

उत्तर: फार चांगला प्रश्न. परंपरेने कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ धरतात आणि महाभारत युद्ध त्याआधी ३६ वर्षं, म्हणजे ३१३८. त्यात तीन हजार वर्षं मिळवली की शाप इ.स.पू. १३८ ला संपतो. पितळखोऱ्याची जुनी लेणी साधारण त्याच शतकातली. म्हणजे आजच्या काळातल्या कथेत तो वाहत्या जखमेनिशी फिरत असेल, तर लेखकाने शाप वाढवला आहे किंवा हा हिशेब केलेलाच नाही.

शाप संपल्यावरही तो जिवंत का, याचं उत्तर विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात मिळतं. आता सातवं मन्वंतर, म्हणजे सातव्या मनूचा काळ, चालू आहे. आठव्या, सावर्णी मन्वंतरात बळी इंद्र होणार आणि सप्तर्षींमध्ये परशुराम, कृप, व्यास यांच्यासोबत द्रोणपुत्र अश्वत्थामाही असणार. सात चिरंजीवांपैकी पाच जण असे पुढच्या कामासाठी थांबलेले आहेत. हनुमान आणि बिभीषण या यादीत नाहीत. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याला जाणारे यात्रेकरू त्याला ऋषी म्हणतात, ते या यादीशी किती छान जुळतं! तुमच्या कथेतला म्हातारा शांत आणि जखम भरलेला असेल, तर हा तर्क पहिल्यापेक्षा कितीतरी सरस ठरेल.

प्रश्न (चाळीसगाव): आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखातला चांगदेव आणि तापी-पूर्णा संगमावरचे चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव एकच, असा तर्क कथेत वापरू का?

उत्तर: नाही. इ.स. १२०७ च्या सुमाराच्या त्या लेखात वंशावळ दिली आहे: भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. तो यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता आणि आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला. ज्याचे बाप-आजे दगडावर कोरलेले आहेत, त्याला चौदाशे वर्षं कुठून देणार? ज्यांना ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांची पासष्टी लिहिली ते योगी वेगळे. “त्याने नातवाचं सोंग घेतलं होतं” असं म्हणता येईल, पण मग कुठलाच पुरावा तुम्हाला खोडू शकणार नाही आणि वाचक कंटाळतील.

प्रश्न (धुळे): मी स्वतः अशी कथा लिहिते आहे. चिरंजीवाच्या बोलण्यातून त्याचं वय कसं सुचवू?

उत्तर: कारभाराच्या जुन्या नावांमधून सुचवा, पण वर्षं तपासून. पात्र धडगावला “धुळे जिल्ह्यातलं” म्हणालं तर काहीच सिद्ध होत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीचे लोक आजही तसं बोलतात. “पश्चिम खान्देश” हे धुळे जिल्ह्याचं जुनं नाव म्हणालं तर ते आजोबांच्या पिढीचं. जळगाव आणि धुळे मिळून एकच जिल्हा होता ते १९०६ पर्यंत. तेव्हाचं कचेरीतलं काम त्याला सहज आठवत असेल, तर चाणाक्ष वाचक थबकेल. अशा तीन खुणा पुरेत, आणि त्या एकाच प्रकरणात ठेवू नका. पहिली भांडणाच्या किंवा बाजाराच्या गडबडीत टाका म्हणजे नजरेतून सुटेल, आणि तिसरी उलगड्याच्या किमान दोन प्रकरणं आधी.