मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनच्या घुमटावरचा पुतळा व्हिक्टोरिया राणीचाच आहे ना? की तो काढून टाकला?

नाही, घुमटावरची बाई राणी नव्हे. ती ‘प्रगती’. उजव्या हातात उंच धरलेली मशाल आणि डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक, एवढं पाहिलं तरी उलगडा होतो. स्टेशनला राणीचं नाव होतं, व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणजे व्हीटी, म्हणून वरची मूर्तीही तिचीच, असं बहुतेकांनी धरून ठेवलंय. रोज व्हीटीला उतरणारेसुद्धा हेच सांगतात!

राणीचा पुतळा होता, पण खाली. दर्शनी भागावर मोठं घड्याळ आहे ना, त्याच्या खालच्या कोनाड्यात. स्वातंत्र्यानंतर तो तिथून हलला आणि पुढे त्याचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. कोनाडा रिकामाच आहे. एवढा मोठा दगडी पुतळा सरकारी ताब्यातून गायब होतो आणि कागदावर त्याचा माग लागत नाही, याचं मला पुतळ्यापेक्षा जास्त नवल वाटतं.

गंमत म्हणजे बाकीची मंडळी जागच्या जागी आहेत. फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या काळात बांधलेल्या या इमारतीच्या भिंतीवर गोल चौकटींत कोरलेले चेहरे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले नाना शंकरशेटही, पगडीसकट. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ; म्हणजे इंग्लंड आणि हिंदुस्थान. बरंचसं नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं.

आता दुसरा घोळ. ‘राणीचा पुतळा भायखळ्याला नेला’ असं कुणी सांगितलं, तर तो पुतळा वेगळा. तो संगमरवरी, मॅथ्यू नोबलने घडवलेला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी तो करवून घेतला आणि १८७२ मध्ये फोर्टात तार ऑफिसजवळ बसवला गेला. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासून जोड्यांची माळ घातली, ती याच पुतळ्याला. (चापेकरांनी केलेला प्लेग अधिकारी रँडचा वध त्यानंतरचा, १८९७चा.) संगमरवरात मुरलेलं डांबर काही केल्या निघेना. शेवटी ते काढलं बडोद्याची ‘कलाभवन’ ही तंत्रशाळा उभारणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी. पुतळ्याचे पैसे बडोद्याचे, डाग काढणाऱ्याचं नातंही बडोद्याशीच!

१९६०च्या दशकात तो पुतळा तिथून हलवला. आता भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात इतर साहेब लोकांच्या पुतळ्यांबरोबर उघड्यावर आहे. राणीचा नवरा अल्बर्ट मात्र, तोही नोबलनेच घडवलेला, आत छपराखाली आहे.

‘प्रगती’ नीट बघायची तर रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या, स्टेशनच्या पायथ्याशी उभं राहून फक्त मान दुखते. आणि भायखळ्याला जाणार असाल तर बुधवार टाळा, संग्रहालय बंद असतं.