वाचकांचे प्रश्न : शाळेतली बातमी आणि बातमीतली बाजू

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न हायस्कूलमधल्या बातमीलेखनाचे आणि भित्तिपत्रकांचे आहेत. त्यातले पाच निवडले आहेत.

दहावीला बातमीलेखन आहे, पण मुलांची गाडी 'मोठ्या उत्साहात संपन्न'च्या पुढे सरकत नाही. त्यातच माध्यमांचा एकतर्फीपणाही शिकवायचा, तर तासिका कुठून आणायच्या?
– एक शिक्षिका, चोपडा

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. सरावाला येणारी बातमी बहुधा कार्यक्रम आटोपल्यानंतरची असते. वृक्षारोपण झालं, पाहुणे आले, आभार मानले. असल्या मजकुरात निवड करायला जागाच नसते, आणि निवड नसेल तर बाजूही दिसत नाही. दोन तासिका पुरतील असा प्रयोग सांगतो.

एका कल्पित घटनेची बारा तथ्यं एका कागदावर लिहा. समजा, रावेर तालुक्यात वादळी वाऱ्यानं केळी आडवी झाली. तथ्यं अशी : सोमवारी दुपारी चारला वारा सुटला, वीस मिनिटं होता, तीन गावांना फटका, तलाठ्यांचा प्राथमिक अंदाज ४० हेक्टर, शेतकरी संघटनेचं म्हणणं १०० हेक्टर, पडलेली बरीचशी केळी कापणीवर आलेली, मंगळवारी सकाळी पंचनामे सुरू, दोन गावांत बुधवारपर्यंत कोणी फिरकलं नाही, पालकमंत्री गुरुवारी येणार, गेल्या वर्षीची विम्याची रक्कम काहींना अजून मिळालेली नाही, विजेचे नऊ खांब पडले, जीवितहानी नाही. बाराही गोष्टी खऱ्या धरून चालायचं.

वर्गाचे दोन गट करा. पहिल्याला सांगा, तुमचा वाचक सरकारी कचेरीत बसतो. दुसऱ्याला सांगा, तुमच्या वाचकाच्या दारात केळीचा बाग आहे. प्रत्येक गटानं बारांपैकी फक्त सहा तथ्यं घ्यायची आणि २० मिनिटांत १०० शब्दांची बातमी मथळ्यासकट लिहायची. 'एकतर्फी लिहा' असं चुकूनही सांगू नका. सांगितलं की मुलं शिव्याशाप लिहितात आणि प्रयोग फसतो.

दुसऱ्या तासिकेला दोन्ही बातम्या फळ्यावर शेजारी शेजारी लावा. एकीचा मथळा साधारण 'वादळग्रस्त भागात पंचनामे सुरू' असा येतो, दुसरीचा 'केळी भुईसपाट, दोन गावं वाऱ्यावर' असा. खोटं कोणीच लिहिलेलं नसतं. मग तीन प्रश्न विचारा : कोणती सहा तथ्यं गळाली? ४० आणि १०० यांपैकी कोणता आकडा घेतला, आणि तो कुणाचा म्हणून सांगितला? पहिल्या वाक्याचा कर्ता कोण? तिसऱ्या प्रश्नावर थोडं रेंगाळा. 'पंचनामे करण्यात आले नाहीत' या वाक्यात पंचनामे कुणी करायचे होते ते सांगितलेलंच नाही. 'करण्यात आले', 'देण्यात आले' अशी वाक्यं अधोरेखित करून प्रत्येकापुढे 'कुणी?' लिहायला लावा. उत्तर कागदावर असेल तर वाक्य बदलायचं. नसेल तर ती माहिती आणायची राहिली आहे, एवढं मुलांना कळतं.

क्रियापदांचंही तसंच. म्हणाले, सांगितलं, दावा केला, आरोप केला, कबूल केलं, ठणकावलं. बोलणं एकच, पण क्रियापदानुसार माणूस खरा, लबाड किंवा शूर ठरतो. नवशिक्यांनी 'म्हणाले' आणि 'सांगितलं' यांवरच भागवावं. 'कबूल केलं' म्हटलं की आधी काही लपवलं होतं असा अर्थ निघतो, हे लक्षात ठेवावं. आणि आमदार 'म्हणाले' पण मजूर 'म्हणाला', हा भेद मुलांच्या वहीतही सर्रास उतरतो. सगळ्यांना आदरार्थी हा नियम पहिल्याच दिवशी लावून टाका.

आमच्या आठ मुलांना दोन दैनिकांची तुलना करून प्रकल्प करायचा आहे. 'हे वृत्तपत्र त्या पक्षाचं' असं सगळेच म्हणतात. ते मोजून कसं दाखवायचं?
– एक शिक्षक, भुसावळ

पक्षापासून सुरुवात करू नका. मुलं घरात ऐकलेलं मत घेऊन येतात आणि त्याला साजेशी कात्रणंच गोळा करतात. एकच स्थानिक विषय घ्या : पाणीपुरवठा, रस्ते किंवा कापसाचे भाव. दोन दैनिकं, १४ दिवस, म्हणजे २८ अंक. आठ जणांत वाटले तर प्रत्येकाला तीन-चार येतात.

आधी आवृत्ती तपासा. इथेच सर्वाधिक प्रकल्प कोसळतात. एका दैनिकाची जळगाव शहर आवृत्ती आणि दुसऱ्याची तालुक्याला जाणारी डाक आवृत्ती घेतली, तर फरक धोरणाचा नसून छपाईच्या वेळेचा असतो. डाक आवृत्ती लवकर निघते, त्यामुळे रात्रीची बातमी तिच्यात नसते. रद्दीवाल्याकडून आणलेले अंक तर हमखास असे मिसळलेले असतात.

प्रत्येक बातमीसाठी तक्त्यात एक ओळ : तारीख, पान, घडीच्या वर की खाली, क्षेत्रफळ, किती जणांचं म्हणणं घेतलं, त्यातले अधिकारी किती आणि सामान्य माणसं किती, आकडा दिला असेल तर कुणाचा. क्षेत्रफळ पट्टीनं मोजा, मथळा आणि फोटो धरून. बातमी 'एल' आकाराची असेल तर दोन चौकोन करून बेरीज घ्या. ई-पेपरवर सेंटिमीटरला अर्थ नाही, म्हणून पानाशी टक्केवारी काढा. छापील भाग ३३ बाय ५० सेंटिमीटर, म्हणजे १६५० चौरस सेंटिमीटर असेल आणि बातमी १६.५ बाय १० असेल, तर ती १६५ चौरस सेंटिमीटर, पानाच्या १० टक्के.

'मथळा सकारात्मक की नकारात्मक' हा रकाना ठेवायचा मोह आवरा. त्यावर दोन मुलांचं कधी एकमत होत नाही. त्याऐवजी विचारा, 'मथळ्यात कुणाचं म्हणणं आहे?' मुख्य मोजणीआधी २० बातम्या दोघांनी एकमेकांचं न बघता नोंदवायच्या. १६ ठिकाणीही जुळलं नाही तर रकान्याची व्याख्या सैल आहे. ती घट्ट करा आणि पुन्हा मोजा.

दोन दैनिकं एकमेकांशी ताडून, दोघांनीही गाळलेलं काही सापडत नाही. त्यासाठी तिसरा कागद लागतो. कापसाचा विषय असेल तर बाजार समितीचा फलक घ्या. त्यावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. समजा फलकावर किमान ५,५००, कमाल ७,४०० आणि सर्वसाधारण ६,६०० आहे, आणि मथळा आहे 'कापूस ७,४०० वर'. मथळा खोटा नाही, पण तो दर एखाद्याच गाडीला मिळालेला असू शकतो. बहुतेकांच्या पदरात ६,६००च्या आसपासच पडले. त्याशेजारी हमीभाव मांडा : २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. मग मुलांना विचारा, 'भाव वधारले' म्हणणाऱ्या बातमीत ही तुलना का नाही? उत्तर कट-कारस्थानातच शोधायला नको. तालुक्याच्या वार्ताहराला मिळालेला वेळ आणि जागा हेही कारण असू शकतं. अनेक ठिकाणी त्याच माणसाकडे जाहिराती आणि वसुलीचंही काम असतं, हेही मुलांना माहीत असू द्या.

दोन दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर सापडला की मुलं 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, म्हणून उड्या मारतात. सबूर. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट किंवा वृत्तसंस्थेची बातमी दोघांनी जशीच्या तशी लावली असेल. तो आळस झाला, विक्री नव्हे. पेड न्यूज खरीच असते. २००९च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलनं त्यावर उपसमिती नेमली होती आणि २०१०मध्ये तिचा अहवाल आला. पण शाळेतल्या मुलांकडे पैशाच्या देवाणघेवाणीचा पुरावा नसतो. म्हणून अहवालात 'मजकूर सारखा आहे' इतकंच लिहायचं. वाढदिवसाच्या पुरवण्या मात्र बिनधास्त मोजा. शुभेच्छांच्या जाहिराती किती चौरस सेंटिमीटर, त्याच माणसाची बातमी किती, आणि 'जाहिरात' हा शब्द छापला आहे का. छापला असेल तर तो किती बारीक, तेही पट्टीनं मोजून लिहा.

गावाच्या ग्रुपवर उसातल्या बिबट्याचा व्हिडिओ आला आहे. आमच्या भित्तिपत्रकात टाकू का?
– दहावीतला विद्यार्थी, शहादा

थांब. शहादा-तळोद्याकडे उसात बिबट्या निघतो हे खरं, म्हणून तर जुने व्हिडिओ तिकडे सहज खपतात. व्हिडिओवर दोन बाण दिसत असतील तर तो पाच किंवा त्याहून जास्त वेळा पुढे गेलेला आहे. व्हिडिओचे तीन स्क्रीनशॉट काढ : सुरुवातीचा, पाटी किंवा गाडीचा नंबर दिसेल तो, आणि शेवटचा. तिन्ही गुगल लेन्समध्ये टाक आणि सगळ्यात जुनी तारीख शोध. काहीच सापडलं नाही म्हणून व्हिडिओ नवा ठरत नाही. मग वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा तुमच्या वनरक्षकांना विचार, आणि कोण, कधी, काय म्हणाले ते लिहून ठेव. दुजोरा मिळाला नाही तर बातमी लावू नकोस. 'व्हायरल व्हिडिओची खात्री झालेली नाही' अशी बातमी करून तोच व्हिडिओ फिरवणं तर मुळीच नको.

मुलांनी भित्तिपत्रकात मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्याची बातमी लावली. संस्थेचे पदाधिकारी नाराज आहेत. बातमी काढावी का?
– एक मुख्याध्यापक, अमळनेर

बातमी बरोबर असेल तर काढू नये. प्रसारमाध्यमांवर मालकाचा दाब कसा येतो हे मुलांना पुस्तकातून कळणार नाही इतकं या आठवड्यात कळेल. कागद, खडू आणि भिंत, तिन्ही संस्थेचंच आहे. तुमच्याच गावात प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी हस्तलिखित 'छात्रालय' दैनिक काढत, हेही पदाधिकाऱ्यांना आठवून द्यायला हरकत नाही.

मात्र बातमी तपासून घ्या. मुलांनी तीन वेगवेगळ्या दिवशी, ठरलेल्या वेळी नळ सोडून पाहिला का? तारखा लिहिल्या का? शिपाई, मुख्याध्यापक आणि संस्था यांना छापण्याआधी विचारलं का? उत्तरासाठी किमान एक पूर्ण दिवस द्यायचा, आणि आलेलं उत्तर त्याच बातमीत, त्याच आकाराच्या अक्षरात घालायचं. उत्तर आलं नाही तर 'विचारलं, उत्तर मिळालं नाही' एवढंच. 'उत्तर देण्याचं टाळलं' असं लिहू नये, टाळलं की राहून गेलं हे आपल्याला ठाऊक नसतं. चूक निघाली तर दुरुस्ती पुढच्या अंकात त्याच जागी यायला हवी, कोपऱ्यात नव्हे.

यापुढे वाद टाळायचे असतील तर एक पानी नियमावली आधीच ठरवा : शेवटचा शब्द कुणाचा, मजकूर कोणत्या कारणांसाठी अडवता येईल, आणि अडवला तर ते कारण लेखी द्यायचं. खाजगीपण आणि चुकीची माहिती ही रास्त कारणं आहेत. 'शाळेची बदनामी' हे कारण नियमावलीत घालू नका, त्यात काहीही बसवता येतं.

एका बाबतीत मात्र सूट नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही लावायचं नाही. नाव नाही, फोटो नाही, पत्ता नाही, शाळाही नाही. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ नुसार अशी ओळख उघड करणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लहान गावात 'अमुक गल्लीतली आठवीतली मुलगी' एवढंही ओळखीला पुरतं.

जाता जाता मापाचं सांगतो. २२ बाय २८ इंची कार्डशीटवर एक सेंटिमीटर उंचीच्या अक्षरात सव्वादोनशे-अडीचशे शब्दांहून जास्त मावत नाहीत. म्हणजे साठ शब्दांच्या चार बातम्या. मुलं सातशे शब्द कोंबतात, अक्षर बारीक होतं, मग कोणी वाचत नाही.

आमच्याकडे घराघरात अहिराणी बोलतात. मुलाखत अहिराणीत घेतली तर बातमीत प्रमाण मराठी करायचं का?
– एक पालक, पारोळा

बातमीची भाषा मराठी असली तरी अवतरणचिन्हांतलं वाक्य बोलणाऱ्याचं असतं. 'आमना गावमा पानी नही' हे जसंच्या तसं ठेवलं तरी खान्देशातल्या वाचकाला लगेच कळतं. बाहेरच्यासाठी पुढे अर्थ द्यावा. अवतरणचिन्हं ठेवून आतलं वाक्य 'आमच्या गावात पाण्याची टंचाई जाणवत आहे' असं करणं मात्र चूक आहे, 'टंचाई जाणवणं' हे बोलणाऱ्याच्या तोंडचं नाहीच. बदल करायचाच असेल तर अवतरणचिन्हं काढून आपल्या शब्दांत सांगावं.

उलट बाजूही सांभाळायला हवी. अधिकाऱ्यांचं बोलणं झाडूनपुसून प्रमाण मराठीत आणि शेतकऱ्याचंच तेवढं बोलीत, असं झालं तर वाचणाऱ्याला नकळत एक शहाणा आणि एक अडाणी वाटतो. अधिकारीही अहिराणीत बोलले असतील तर तेही तसंच ठेवा. बोलीत छापू का, हे बोलणाऱ्याला आधी विचारा. काहींना ते आवडत नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. पावरी किंवा भिलीत मुलाखत झाली आणि मुलाला ती भाषा येत नसेल, तर दुभाष्या कोण होता ते बातमीत एका ओळीत लिहावं. तो सरपंचांचा माणूस होता की वर्गातला मित्र, यानं फरक पडतो. मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग पुढचा अंक लागेपर्यंत पुसू नये.