नकाशात आधीच लिहिलेली घरे

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वाड्यावर एकामागून एक मोठे निवासी प्रकल्प येत आहेत. प्रत्येक वेळी ग्रामसभेत विरोधाचा ठराव होतो आणि तरीही परवाना मिळतोच. गावात किती घरे व्हावीत हे मग ठरवते कोण? (एक वाचक, बार्देश)

उत्तर : गोव्यात कोणती जमीन कशासाठी वापरायची हे 1974 च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली होणाऱ्या प्रादेशिक आराखड्यात ठरते. शहरी पट्ट्यांत ते नियोजन व विकास प्राधिकरणांच्या बाह्य विकास आराखड्यात, म्हणजे ज्याला आपण ओडीपी म्हणतो त्यात ठरते. दोन्ही ठिकाणी अंतिम शब्द सरकारचा असतो. पंचायतीकडे 1994 च्या पंचायत राज कायद्याखाली बांधकाम परवाना देण्याचे काम येते आणि तेही नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी घेऊन अर्जदार दारात उभा राहिल्यावर. त्या टप्प्यावर जमीन वसाहत विभागात, म्हणजे घरे बांधण्यासाठी ठेवलेल्या भागात, असेल आणि कागदपत्रे पुरी असतील, तर ‘ग्रामस्थांना प्रकल्प नको’ एवढे एकच कारण अपिलात टिकत नाही. आपले ठराव कितीही कळकळीने झालेले असोत, ते उशिरा झाले आहेत. ती घरे नकाशात आधीच लिहिलेली होती.

हे कसे घडते ते एका हिशेबावरून पाहावे. प्रादेशिक आराखडा 2021 ने गावांची व्हीपी-1 आणि व्हीपी-2 अशी वर्गवारी करून वसाहत विभागात अनुक्रमे 80 आणि 60 एफएआर ठेवला, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या इतके टक्के एकूण बांधकाम करता येते. आपले गाव व्हीपी-2 मध्ये आहे आणि वसाहत विभागात 4000 चौरस मीटरचा एक भूखंड आहे, असे धरू. त्यावर ढोबळमानाने 2400 चौरस मीटर बांधकाम होऊ शकते, म्हणजे 80 चौरस मीटरचे 30 फ्लॅट. घरटी चार माणसे आणि माणशी 135 लिटर पाणी धरले, तर रोज 16,200 लिटर पाणी लागेल आणि त्याच्या सुमारे 80 टक्के, म्हणजे 13,000 लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. मलनिस्सारण वाहिनी नसलेल्या वाड्यावर हे पाणी शोषखड्ड्यांत जाते, आणि जांभ्या दगडाच्या जमिनीतून ते खालच्या अंगाच्या विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. असे किती भूखंड आपल्या गावाच्या नकाशात वसाहत रंगात आहेत, ते मोजून ही बेरीज करण्याचे काम आपल्याकडे कोणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्या नियोजनातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचवा हिस्सा घरे रिकामी आढळली होती. तेव्हा नवे बांधकाम म्हणजे गोमंतकीयांच्या घराची गरज भागली, असे गृहीत धरता येत नाही.

राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांसाठी असलेला पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे आणि अकराव्या परिशिष्टात ग्रामीण गृहनिर्माण हा पंचायतींचा विषय म्हणून नोंदवला आहे. गोव्यातील 191 पंचायतींकडे मात्र जमीनवापराचा आराखडा स्वतः करण्याचे काम आलेले नाही. जनतेचा शब्द चालतो याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. 2006 साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखडा 2011 मध्ये हिरवे पट्टे वसाहतीत घातल्याचे दिसताच लोक रस्त्यावर उतरले आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने 2021 च्या आराखड्याचे काम केले, तेव्हा मसुद्याचे नकाशे गावागावांत पाठवून सूचना मागवल्या गेल्या. कित्येक गावांत लोकांनी ओहोळ, झरी, पायवाटा आणि खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध स्वतः हिंडून नकाशावर नोंदवले. त्या आराखड्याची पुढे ओढाताण झाली, तरी गावाने नकाशा वाचण्याची ती पद्धत आजही उपयोगी आहे.

पंचायतीच्या हाती एक साधन आजही आहे, ते म्हणजे वार्षिक ग्रामपंचायत विकास आराखडा. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या निधीतील 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधून ठेवला होता. नळाचे पाणी, गटारे, कचरा यांची आजची क्षमता किती आहे याची नोंद ग्रामसभेने त्या आराखड्यात करून घ्यावी. अशी आकडेवारी इतिवृत्तात असेल, तर पुढच्या अर्जाच्या वेळी पंचायतीला विरोधापलीकडे काहीतरी ठोस मांडता येईल.

प्रश्न : डोंगरउतारावरची बागायती जमीन अचानक वसाहत विभागात गेल्याचे आम्हांला शेजाऱ्याकडून समजले. ग्रामसभेला न विचारता असा बदल होऊ शकतो का? (एक वाचक, तिसवाडी)

उत्तर : तसे बदल झालेले आहेत. 2023 साली नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात कलम 17(2) आले आणि आराखड्यातील ‘अनवधानाने राहिलेल्या चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलला जाऊ लागला. त्यासाठी जनतेच्या हरकती मागवण्याची सोय नव्हती. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थही मर्यादित केला. त्याआधी 2024 मध्ये कलम 39अ आले होते. त्यात प्रस्तावित बदल प्रसिद्ध करून 30 दिवसांत सूचना व हरकती मागवण्याची पद्धत ठेवण्यात आली. एकेका सर्व्हे क्रमांकाचा विभाग असा सुटा बदलत गेला, तर संपूर्ण गावाचा आराखडा करण्याला अर्थच उरत नाही, असे मला ठामपणे वाटते.

आपल्या जमिनीचा बदल कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेला झाला, हे माहिती अधिकारात अर्ज करून आधी लेखी मिळवावे. यापुढे राजपत्रावर नजर ठेवण्याचे काम गावातील दोघा-तिघांनी वाटून घ्यावे. हरकत देताना ‘निसर्गाचा नाश होतो’ असे मोघम लिहू नये. सर्व्हे क्रमांक, उताराची दिशा, जवळचा झरा किंवा ओहोळ, रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी आणि पावसाळ्यातील छायाचित्र जोडावे, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये. विभाग बदलला म्हणून डोंगर कापण्याची मुभा मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे. कलम 17अ नुसार डोंगरकापणी आणि सखल जमिनीत भराव यांसाठी स्वतंत्र परवानगी लागते, आणि काम सुरू झालेले दिसले तर त्याच कलमाचा आधार घेऊन लगेच तक्रार करता येते.

प्रश्न : मुलाचे लग्न ठरले आहे आणि जुन्या घरात जागा पुरत नाही. गावातच छोटा भूखंड घ्यायचा आहे. काय तपासावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : प्रथम त्या सर्व्हे क्रमांकाचा विभाग कोणता आहे याचा दाखला नगरनियोजन खात्याकडून घ्यावा, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. नंतर एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढून कुळाचा रकाना पाहावा, कारण कुळाच्या मालकीची झालेली शेतजमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यावर 1991 च्या जमीनवापर नियमन कायद्याने बंदी आहे. जमिनीवर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर असल्यास त्याचे हक्क 1975 च्या कायद्याने सुरक्षित आहेत. बिगरशेती वापराची सनद जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यावी लागते. ती आधीच झालेली असेल, तर तिची प्रत आणि त्यातील क्षेत्रफळ उताऱ्याशी ताडून पाहावे. एवढे झाल्यावर भर पावसात एकदा त्या जागेवर जाऊन पाणी कोणत्या बाजूने येते आणि कुठे साचते ते पाहावे, आणि मगच विसार द्यावा.