आश्रयाचा अर्ज नामंजूर झालाय, अपिलात काय मांडायचं?

ताई, तुमच्या केअर होममधल्या झिंबाब्वेच्या मैत्रिणीला ब्रिटनच्या गृहखात्याकडून आलेल्या नकारपत्राचा सारांश तुम्ही दिलाय: ती विरोधी पक्षाची साधी समर्थक आहे, पुढारी नाही, गावी जाऊन गप्प राहिली तर तिला धोका नाही. आधी मुदत बघा. पत्र पाठवल्यापासून १४ दिवसांत फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील गेलं पाहिजे. आजच आश्रयाची कामं करणारा लीगल एडचा (सरकारी खर्चानं मिळणारा) वकील गाठा.

आता त्या "गप्प राहा"बद्दल. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये 'आरटी (झिंबाब्वे)' खटल्यात याचा निकाल लावलाय. झिंबाब्वेत सत्ताधारी झानू-पीएफ पक्षाची टोळकी माणसाला अडवायची आणि पक्षाचं कार्ड दाखव, पक्षाची गाणी म्हण, असं फर्मावायची. छळ टाळायला माणसानं खोटी निष्ठा दाखवावी अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. ज्याला राजकारणात रसच नाही त्यालाही हे संरक्षण आहे. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

पण नुसता निकाल दाखवून अपील जिंकता येत नाही. तिच्यावर तशी वेळ येऊ शकते हे तिनं न्यायाधीशांना पटवून द्यावं लागेल, आणि इथे गाव महत्त्वाचं ठरतं. झिंबाब्वेबद्दलच्याच २०१३ च्या 'सीएम' निकालात वरच्या ट्रायब्युनलनं बुलावायो शहर आणि ग्रामीण भाग यांत स्पष्ट फरक केलाय. म्हणून ती नेमकी कुठे परतणार, तिथे कोणाची सत्ता चालते, घरच्यांना कोणी काय विचारलंय, हे सगळं अपिलासाठीच्या तिच्या लेखी जबाबात यायला हवं. तिचा अर्ज २८ जून २०२२ चा किंवा त्यानंतरचा असेल, तर तिचं मत आणि तिची भीती खरी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे असं दिसावं लागतं. पुढच्या धोक्यासाठी मात्र तेवढा पुरावा लागत नाही.

जबाब नकारपत्राच्या परिच्छेदांनुसार लिहा, एकही मुद्दा सोडू नका. मी पूर्वी एका बाईंसोबत असं पत्र घेऊन बसले होते. मुलाखतीच्या नोंदीत हल्ला मार्चमध्ये आणि दुसरीकडे मेमध्ये होता, आणि एवढ्यावरून त्यांना खोटं ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "मी महिना सांगितलाच नव्हता. मका काढत होतो तेव्हा, असं म्हटलं होतं." भाषांतरात मक्याचा मार्च झाला होता. त्यामुळे मुलाखतीची प्रत ओळ न् ओळ वाचून घ्या, आणि दुभाषी शोना भाषेचा हवा की न्देबेले भाषेचा हे आधीच कळवा.

लंडनच्या स्ट्रँडवर झिंबाब्वेच्या वकिलातीसमोर २००२ पासून निदर्शनं होत आलीत. ती तिथे मनापासून जात असेल तर कधीपासून आणि का, हे लिहा. फोटोसाठी आत्ता जाऊन उभं राहू नका. न्यायाधीश तारखा बघतात, आणि मग तिच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

सुनावणीला तिच्यासोबत जा. गृहखात्याचा प्रतिनिधी उलटतपासणी घेईल. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं, अंदाजानं तारीख द्यायची नाही. हे तिच्याकडून घरी दोनदा म्हणवून घ्या.