पाच-सहा वर्षं जुन्या फोनवर नवीन अँड्रॉइड टाकता येतं का?

सेटिंग्जमध्ये सिस्टिम अपडेट बघा. तिथे काहीच येत नसेल तर कंपनीने हात वर केलेत असं समजा. २०१५ चा आयफोन ६एस २०२१ च्या आयओएस १५ पर्यंत गेला. जुन्या अँड्रॉइड फोनांना मात्र बहुधा दोन-तीनच आवृत्त्या मिळायच्या. चिपवाल्याने ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, देणं थांबवलं की फोनवाल्याचीही अडचण होते.

दुसरी वाट लिनिएजओएसची, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या मोफत अँड्रॉइडची. तुमचं नेमकं मॉडेल त्यांच्या यादीत हवं, बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं. आधी फोटो दुसरीकडे कॉपी करून ठेवा! बँकेची अ‍ॅप नंतर रुसू शकतात. मी नाशिकला एमजी रोडवर एकाकडून हा उद्योग करून घेतला. फोन पळतो, पण यूपीआय गेलं ते गेलंच. आता तो आईकडे आहे, भजनं ऐकायला.