नेपाळची सहल रद्द करायची असेल तर मंगळवारपर्यंत लेखी कळवा

डिचोलीच्या एका वाचकांनी विचारले आहे: ‘काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ अशी चौघांची सहल आम्ही जुलैत ठरवली आणि 2 लाख 40 हजार रुपये भरून टाकले. निघायची तारीख 8 नोव्हेंबर आहे. 8 सप्टेंबरपासून नेपाळात तरुणांचे आंदोलन, जाळपोळ आणि सत्तांतर झाले ते पाहून आई-वडील आता जायला तयार नाहीत. 10 सप्टेंबरला आम्ही कंपनीच्या पणजी शाखेत फोन करून सहल नको म्हणून सांगितले होते. त्यांनी “थोडे थांबा, सगळे निवळेल” असे उत्तर दिले. आता मोठी कपात होईल म्हणतात. सरकारनेच जाऊ नका म्हटले असताना पैसे कसे कापतात? आणि आम्ही जावे की नाही?’

गेल्या काही आठवड्यांत याच अर्थाची बरीच पत्रे आली आहेत. काहींत देश वेगळा आहे, प्रश्न मात्र तोच. हे उत्तर मी 3 ऑक्टोबर 2025 ला लिहीत आहे आणि त्यातील दिवसांचा हिशेब त्याच तारखेपासूनचा आहे.

सरकारच्या सूचनेबद्दल आधी लिहितो, कारण तुमची सारी भिस्त तिच्यावर दिसते. परराष्ट्र मंत्रालयाने 9 सप्टेंबरला परिस्थिती स्थिर होईपर्यंत नेपाळचा प्रवास लांबणीवर टाकावा असा सल्ला दिला होता. सल्ला म्हणजे बंदी नव्हे. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 56 चा, म्हणजे करार आपोआप संपल्याचा, आधार मिळण्यासाठी करारातील गोष्ट करणे अशक्य किंवा बेकायदेशीर व्हावे लागते. काठमांडूचा विमानतळ 9 सप्टेंबरला बंद झाला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सुरू झाला, 12 सप्टेंबरला अंतरिम सरकारचा शपथविधी झाला आणि 5 मार्च 2026 ही निवडणुकीची तारीखही जाहीर झाली. तुमची सहल 9 सप्टेंबरला निघायची असती तर मी वेगळे उत्तर दिले असते. नोव्हेंबरच्या सहलीसाठी कंपनी ‘आम्ही न्यायला तयार आहोत’ असे म्हणू शकते, आणि मग सहल कंपनीने नव्हे तर तुम्ही रद्द केली असे धरले जाते. आई-वडिलांची भीती मला पूर्ण समजते, पण भीतीमुळे करार आपोआप संपत नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या कागदांतील अट क्रमांक 9 पाहा. तुमच्या प्रकरणाचा निकाल याच अटीवर लागणार आहे. निघण्याच्या तारखेपूर्वी 45 दिवसांहून अधिक अवधी असेल तर 15 टक्के कपात, 45 ते 30 दिवस असतील तर 35 टक्के, 30 ते 15 दिवस असतील तर 60 टक्के आणि त्यानंतर काहीही परत नाही. हे दिवस, अटीच्या शब्दांत, ‘लेखी सूचना कार्यालयात पोहोचल्याच्या कामकाजाच्या दिवसापासून’ मोजायचे आहेत. तुम्ही 10 सप्टेंबरला फोन केला तेव्हा 59 दिवस हातात होते. त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवला असता तर 36 हजार रुपयांवर भागले असते. ती मुदत 24 सप्टेंबरला उलटली आणि तुमचे मला आलेले पत्र 26 तारखेचे आहे. आज 36 दिवस उरले आहेत, म्हणजे कपात 84 हजारांची. आणखी एक आठवडा असाच गेला तर ती 1 लाख 44 हजारांवर जाईल.

सहीपूर्वी अटी वाचल्या नाहीत हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे आणि मला त्याचे वाईट वाटते, कारण फोनवर सांगितले होते हे वाक्य मी पक्षकारांकडून सतत ऐकतो आणि दर वेळी ते त्यांच्या विरुद्ध जाते. फोन झाल्याची नोंद तुमच्या मोबाईलमध्ये असेल. बोलणे काय झाले त्याची नाही. तुमच्या मुलाने 11 सप्टेंबरला शाखेला पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश आणि त्यावर आलेले ‘थांबा, घाई करू नका’ हे उत्तर मात्र जपून ठेवा. मुलाचा संदेश ‘काय करायचे?’ असा प्रश्न होता, रद्द केल्याची सूचना नव्हती, त्यामुळे केवळ त्यावरून 15 टक्क्यांचा दर मिळेल असे मी म्हणणार नाही. तरीही कंपनीच्या माणसाने थांबायला सांगितले आणि त्या थांबण्यामुळेच कपात वाढली, हा मुद्दा त्यातून मांडता येईल. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून तो फोन विकू नका आणि संदेश पुसू नका.

कंपनीनेच सहल रद्द करण्याची वाट पाहावी, म्हणजे सगळे पैसे मिळतील, असाही विचार तुमच्या पत्रात डोकावतो. तसे झाले तर तुमची बाजू नक्कीच भक्कम होईल. पण विमाने सुरू असताना आणि गट भरलेला असताना कंपनी सहल रद्द का करील? या आशेवर 84 हजार आणि 1 लाख 44 हजार यांतल्या फरकाचे 60 हजार रुपये पणाला लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

84 हजारांची कपातसुद्धा आव्हान देण्याजोगी आहे. करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मागता येते, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 2(46) मध्ये नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणाऱ्या कराराला अनुचित म्हटले आहे. कंपनीने तुमच्यासाठी विमान आणि हॉटेलांचे पैसे खरोखर किती भरले आणि त्यातले किती बुडाले, याचा हिशेब आजच लेखी मागा. अटच अनुचित ठरवून हवी असेल तर मात्र दाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे नव्हे, पणजीच्या राज्य ग्राहक आयोगाकडे मागावी लागते. सेवेतील त्रुटीची साधी तक्रार पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा आयोगात चालते. करारात ‘फक्त पुणे न्यायालय’ असे छापले असले तरी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 34 मुळे तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

निकाल कधी लागेल ते विचारू नका. कायद्यात तीन महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात, समोरचा वकील मुदत मागतो, आयोगावरील रिकाम्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत, आणि ज्या ग्राहकासाठी हा कायदा केला तो 40-50 हजारांसाठी वर्षानुवर्षे खेपा घालतो. याची मला चीड येते. म्हणूनच आयोगाकडून मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षा पुढच्या मंगळवारपर्यंत हमखास वाचणारी रक्कम मला मोलाची वाटते.

जायचेच ठरवलेत तर प्रवास विम्याची पॉलिसी नीट वाचा. 8 सप्टेंबरनंतर घेतलेल्या पॉलिसीत आधीच ठाऊक असलेल्या अशांततेमुळे सहल रद्द झाल्यास भरपाई बहुधा नाकारली जाते. मुक्तिनाथ 3,700 मीटरहून उंच आहे, म्हणून उंचीची मर्यादा आणि वडिलांच्या जुन्या आजारांबद्दलचे कलमही पाहा. भारतातला मेडिक्लेम तिथे चालेल असे गृहीत धरू नका. काठमांडू नोव्हेंबरात कितपत सुरक्षित असेल हे वकिलाने सांगण्याची गोष्ट नाही. पण ज्यांना तिथे रात्री झोप लागणार नाही अशा वृद्धांना केवळ पैसे बुडतील म्हणून नेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

9 ऑक्टोबरला बरोबर 30 दिवस उरतात आणि तो दिवस कोणत्या टप्प्यात धरायचा यावर वाद होऊ शकतो, म्हणून तिथवर ताणू नका. चौघांची नावे, बुकिंग क्रमांक आणि ‘आम्ही ही सहल रद्द करीत आहोत’ एवढे स्पष्ट वाक्य लिहून आजच ईमेल करा. शनिवार-रविवार मध्ये येतात, म्हणून सोमवारी किंवा उशिरात उशिरा मंगळवारी, 7 ऑक्टोबरला, पणजीच्या शाखेत पत्र स्वतः द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्या. पत्रात ‘कपातीबाबतचे आमचे सर्व हक्क राखून’ हे शब्द असू द्या. त्यांनी पैशांऐवजी पुढच्या सहलीची क्रेडिट नोट पुढे केली तर घरी विचार करून कळवतो म्हणा, आणि पूर्ण रक्कम व वापराची मुदत तिच्यावर छापलेली असल्याशिवाय कशावरही सही करू नका.