गिटार थेट मॉनिटरला लावली, आवाज पत्र्यासारखा का येतो?

प्रश्न : दादा, मी जुळे सोलापुरात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पैसे साठवून ५ इंची पॉवर्ड स्टुडिओ मॉनिटरची (आतच अँप असलेल्या स्पीकरची) जोडी घेतली. माझ्या अकौस्टिक गिटारला दुकानातून पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमधे बदलणारा भाग) बसवून घेतलाय, त्यातनं केबल काढून थेट मॉनिटरच्या मागं लावली तर आवाज एकदम पत्र्यावर वाजवल्यासारखा, जाड तारा तर ऐकूच येत नाहीत, व्हॉल्यूम फुल केला तरी आवाज बारीकच आणि वरनं सूंऽऽ चालू. मित्र म्हणतात मॉनिटर विक आणि गिटारचा अँप घे. काय करू?

उत्तर : विकू नकोस. मॉनिटर चांगलेच असणार, गिटारही चांगली असणार, फक्त दोघांच्या मधे जे हवं ते नाहीये. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय आणि त्यातल्या काहींनी खरंच मॉनिटर निम्म्या किमतीत विकून टाकलेत, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

आधी एक बघ. गिटारमधे कुठं बॅटरी आहे का? बाजूला व्हॉल्यूम-ट्रेबलची बटणं असलेली पट्टी असेल तर तिथंच ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा कप्पा असतो, काहींमधे साउंडहोलच्या आत हात घातला की नाण्यासारखा सेल लागतो. तू बॅटरीचं काहीच लिहिलं नाहीस आणि लक्षणं बघता तुझा पिकअप पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) पायझो असावा, म्हणजे ब्रिजच्या सॅडलखाली बसवलेली पट्टी, जी तारांच्या दाबावर वीज तयार करते. ही वीज फारच नाजूक असते. उन्हाळ्यात आपल्याकडं नळाला बारीक धार असते आणि खाली कुणी मोठा कॉक उघडा ठेवला की वरच्या मजल्यावर पाणी चढतच नाही, तसंच हे. मॉनिटरचं इनपुट हा तो मोठा कॉक. ते मिक्सर किंवा ऑडिओ इंटरफेसकडून (गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीकडून) येणाऱ्या तयार सिग्नलसाठी बनवलेलं असतं, त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) साधारण १० ते २० किलोओहम. पायझोला पाहिजे निदान १ मेगाओहम, म्हणजे पन्नास ते शंभरपट.

आता तू इंजिनिअरिंगचा आहेस म्हणून गणितच करून बघ. पायझो म्हणजे एक छोटा कपॅसिटर, धर १ नॅनोफॅरॅड. तो आणि इनपुटचा रेझिस्टन्स मिळून हाय-पास फिल्टर (वरचे बारीक सूर जाऊ देणारी, खालचे अडवणारी चाळणी) तयार होतो. १० किलोओहमला त्याची कटऑफ येते जवळपास १६,००० हर्ट्झ! त्याच्या खालचं सगळं उतरत जातं, आणि तुझी जाडी ई तार आहे ८२ हर्ट्झला, मोकळी बारीक ई सुद्धा ३३० ला. मग पत्रा वाजणार नाही तर काय. तीच पट्टी १ मेगाओहमला लावली तर कटऑफ १६० च्या आसपास आणि १० मेगाओहमला १६ हर्ट्झ, म्हणूनच अकौस्टिकसाठी खास बनवलेले चांगले प्रीअँप (नाजूक सिग्नल आधी वाढवून देणारं सर्किट) १० मेगाओहमचं इनपुट देतात. बासचं बटण कितीही फिरवलं तरी हे भरून निघत नाही, जे आत शिरलंच नाही ते वाढवणार कसं.

म्हणून मधे एकच वस्तू घे. रेकॉर्डिंग पण करायचं असेल तर दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस, त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की इनपुट साधारण १ मेगाओहमचं होतं. नुसतं वाजवायचं असेल तर अकौस्टिक प्रीअँप पेडल किंवा हाय-झी असलेला छोटा मिक्सर. नुसता डीआय बॉक्स (गिटार मिक्सरच्या माइक इनपुटला जोडायची डबी) आणू नकोस हं, दुकानात तोच हातात देतात पुष्कळदा, पण डीआय सिग्नलला माइकच्या लेव्हलला खाली आणतो आणि मॉनिटरमधे माइक प्रीअँप नसतो, म्हणजे आवाज बारीकच राहणार. आणि कुठल्याही अँपच्या स्पीकर आउटपुटमधनं मॉनिटरला वायर लावायची नाही, मॉनिटरच्या पोटात स्वतःचा अँप आहे, इनपुट जळेल.

जोडणी अशी: गिटारमधनं साध्या मोनो केबलनं इंटरफेस, इंटरफेसच्या मागच्या दोन आउटपुटमधनं दोन बॅलन्स्ड (बाहेरची खरखर कमी पकडणाऱ्या) केबल दोन मॉनिटरला, टीआरएस (तीन भागांची पिन) टू टीआरएस नाहीतर टीआरएस टू एक्सएलआर (माइकला असते ती गोल पिन). गिटार एकाच मॉनिटरमधनं आली तर घाबरू नकोस, इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ (गिटार कॉम्प्युटरमधे न जाता थेट ऐकवणारी सोय) स्टिरिओवर असतं, मोनो कर. मॉनिटरच्या मागं प्लस ४ आणि मायनस १० असा सिग्नलच्या लेव्हलचा स्विच असेल तर इंटरफेसच्या बॅलन्स्ड आउटपुटला प्लस ४. चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. माझा एक ट्विटर (मॉनिटरमधला बारीक सुरांचा छोटा स्पीकर) उलट्या क्रमामुळंच गेला, इंटरफेस बंद केला आणि जो धाड् आवाज आला तेवढ्यातच.

आणि गिटारमधे बॅटरी निघालीच तर? मग प्रीअँप आतच आहे, थेट लावली तरी चालते, फक्त आवाज लाइन लेव्हलपेक्षा (मॉनिटरला लागणाऱ्या तयार सिग्नलपेक्षा) कमी असतो त्यामुळं मॉनिटरचा गेन चढवावा लागतो. पण गिटारच्या टोकाला स्टिरिओ म्हणजे तीन भागांची टीआरएस पिन घालू नकोस. बहुतेक गिटारमधे मोनो पिन आत गेल्यावरच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, स्टिरिओ पिननं ते होत नाही, आवाज येत नाही किंवा तुटका चिरका येतो आणि लोक पिकअप बिघडला म्हणून दुकानात पळतात. वाजवून झालं की केबल काढून ठेवायची, नाहीतर बॅटरी उतरत राहते.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय, पूर्वभागात राहतो, इंटरफेस-मॉनिटर सगळं मुलानं लावून दिलंय. पण कायम हम्म्म असा आवाज येतो, लॅपटॉप लावला की जास्तच. शेजारी पॉवरलूम आहेत, त्यामुळं असेल का?

उत्तर : काका, आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी अर्थिंग मिळाल्यानं येणारी गुणगुण) आहे, मग लॅपटॉप, इंटरफेस, मॉनिटर सगळ्यांचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा आणि इंटरफेस ते मॉनिटर केबल बॅलन्स्डच आहेत ना बघा. तरी राहिला तर गिटारच्या तारांवर हात ठेवा, हात ठेवल्यावर कमी होत असेल तर गिटारच्या आतली ग्राउंड वायर किंवा केबलचं शिल्डिंग बघून घ्यावं लागेल. लूमच्या मोटरी चालू-बंद होताना टक्-टक् येऊ शकतं, सतत हम्म मात्र बहुतेक वेळा आपल्याच घरातल्या अर्थिंगचा असतो. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट दिसतं पण मागं अर्थिंगची वायरच जोडलेली नसते, इलेक्ट्रिशियनला बोलवून मीटरनं तपासून घ्या. आवाज घालवायला म्हणून प्लगची मोठी पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, काका, हातात धातूच्या तारा आहेत तुमच्या, जिवाशी खेळ आहे तो.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. हुतात्मा स्मृती मंदिरात गॅदरिंग आहे, घरचे मॉनिटर तिकडं नेऊन गिटार वाजवली तर चालेल का?

उत्तर : नको ताई. हे मॉनिटर दीड-दोन मीटरवर बसून ऐकायला बनवलेत, हॉलमधे तुम्ही ते फुल कराल आणि वूफर फाटेल. तिथं मात्र तो डीआय बॉक्सच कामाचा, गिटारमधनं डीआय आणि डीआयमधनं साउंडवाल्याच्या मिक्सरला एक्सएलआर. गिटारला बॅटरी असेल तर पॅसिव्ह डीआय चालेल, नसेल तर ॲक्टिव्हच मागा आणि त्याला ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून त्याच केबलनं येणारी वीज) द्यायला सांगा. स्टेजवर गुंऽऽ करून गिटार घुमायला लागली तर ते बहुतेक १०० हर्ट्झच्या आसपास असतं, लाकडी पोटातली हवा तिथंच घुमते. साउंडहोलला रबरी झाकण लावा, स्पीकरच्या तोंडासमोर उभ्या राहू नका आणि साउंडवाल्याला १०० हर्ट्झजवळचा तेवढाच भाग थोडा उतरवायला सांगा, सगळा बास नाही. साउंडचेक मुलं यायच्या आधी करून घ्या.